प्राचार्यांचा पासवर्ड

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात बरीच वर्षं एकच पासवर्ड होता, आणि तो भिंतीवर होता. सराफाच्या दुकानातून आलेल्या कॅलेंडरच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईनं लिहिलेला: महाविद्यालयाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की शिपाई तो जुन्यावरून नव्यावर उतरवून घ्यायचा. दाखले न्यायला आलेले पालक रांगेत उभे राहून तो वाचायचे. कुणाला त्यात काही गैर वाटत नसे.

मी तिथं वरिष्ठ लिपिक. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत जन्मले आणि लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले. नवरा गेल्यावर आईला माझ्याकडे घेऊन आले. घरात आम्ही मराठी बोलतो. म्हणजे आमची मराठी. पूर्वजांनी येताना आणली तशीच ती राहिली, फक्त तमिळच्या शेजारी राहून तिचा हेल बदलला. आईला ती वाचता येत नाही. नातलगांना पत्रं लिहायची तेव्हा मजकूर मराठी आणि अक्षरं तमिळ असायची. मला देवनागरी येते ती लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. माझ्या मुलीला सगळं कळतं, पण उत्तर तमिळमध्ये येतं. कार्यालयात तर माझ्याखेरीज मराठीचं अक्षर कुणाला कळत नव्हतं.

एका शनिवारी कुणीतरी बाहेरून हजेरीच्या पोर्टलमध्ये शिरलं आणि सगळ्या महाविद्यालयाला हजर लावून गेलं. त्या दिवशी वादळामुळं सुट्टी होती. हजर असलेल्यांत सिंगापूरला निघून गेलेला एक विद्यार्थी होता आणि दोन निवृत्त प्राध्यापक. प्राचार्यांनी आकडा पाहून आधी समाधान व्यक्त केलं. मग कुणीतरी त्यांना सुट्टीची आठवण करून दिली.

संस्थेनं चेन्नईहून एक तज्ज्ञ पाठवला. तिशीतला, गळ्यात ओळखपत्र, हातात रिमोट. आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवून त्यानं पडद्यावर नियम दाखवले. पासवर्ड किमान चौदा अक्षरांचा हवा. एक अक्षर मोठ्या लिपीतलं, एक आकडा, एक चिन्ह. महिन्याला बदलायचा. कागदावर लिहायचा नाही. कुणाला सांगायचा नाही.

"आणि देवाचं नाव नको," तो म्हणाला. "मुलांची नावं नकोत, जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको, सिनेमानटाचं नाव तर अजिबात नको."

त्यानं एका वाक्यात सगळ्यांचेच पासवर्ड सांगून टाकले होते.

"मग उरलं काय?" आमच्या ग्रंथपालांनी विचारलं. ते रोज तिरुवैयारूहून बसनं येतात आणि जेवणानंतर त्यांना जाग नसते, पण त्या दिवशी ते जागे होते.

"एखादं वाक्य घ्या," तज्ज्ञ म्हणाला. "कुठल्याही शब्दकोशात नसलेलं. तुम्हालाच ठाऊक असलेलं."

सोमवारी नवी पद्धत सुरू झाली आणि अकरा वाजेपर्यंत अर्धं कार्यालय कुलूपबंद झालं. तीनदा चुकलं की खातं बंद, ते उघडायला चेन्नईला फोन. चेन्नईचा फोन व्यग्र. ओरत्तनाडूहून येणाऱ्या आमच्या प्रयोगशाळा सहायिकेनं आपला पासवर्ड मैत्रिणीच्या कानात सांगितला आणि मग स्वतःच विसरली. मैत्रीणही विसरली. प्राचार्यांचं खातं एका सकाळीत दोनदा बंद पडलं.

"मी इथं बारा वर्षं प्राचार्य आहे," ते संगणकाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "त्याला माझा फोटो दाखवता येत नाही का?"

प्राचार्य माणूस भारदस्त. पांढराशुभ्र कडक सदरा, कपाळावर गंध, चालताना आधी पोट आणि मागून ते. दरवाजातून आत आले की पंख्यालाही उठून उभं राहावंसं वाटेल असा थाट. एक सवय मात्र अशी की जे लिहितील ते तोंडानं म्हणतील. सही करतानासुद्धा ओठांतून स्वतःचं नाव बाहेर पडायचं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई जमिनीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होती. मी कॉफीचा पेला घेऊन शेजारी बसले आणि दिवसभराचं सगळं सांगितलं. आईनं माझ्या कार्यालयातल्या एकालाही पाहिलेलं नाही, पण सगळ्यांना ती ओळखते. फोटो दाखवण्याची गोष्ट ऐकून तिनं काडीवरची पानं एका झटक्यात ओरबाडली आणि म्हणाली, "फुगली पुरी, आत वारा."

ही म्हण तिचीच. अशा तिच्याकडे शेकडो आहेत. कुठून येतात विचारलं तर म्हणते, "येतात कुठून? तोंडातून."

मी हसता हसता थांबले. शब्दकोशात नसलेलं, आपल्यालाच ठाऊक असलेलं वाक्य. माझ्या घरात तर त्याची खाणच बसली होती, पाला निवडत.

दुसऱ्या दिवशी मी आईचंच एक वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहून, मध्ये एक चिन्ह आणि शेवटी आकडा टाकून पाहिलं. पासवर्डच्या रकान्याखाली एक पट्टी असते. इतरांची लाल व्हायची, फार तर पिवळी. माझी टोकापर्यंत हिरवी झाली. शेजारच्या टेबलावरून ग्रंथपालांनी ती पाहिली, आणि दुपारपर्यंत माझ्यासमोर रांग लागली.

मी नाही म्हणायला हवं होतं. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही हा नियम होता, आणि मी तर लोकांचे पासवर्ड बनवून देत होते. पण पंचवीस-सव्वीस वर्षांत माझ्या टेबलासमोर कधी रांग लागली नव्हती. सहीसाठी फाइल पुढं सरकवणारी बाई अचानक सुरक्षेची अधिकारी झाली होती. खरं सांगते, मला ते आवडलं.

ग्रंथपालांना मी दिलं, "बसल्या जागी बुरशी." अर्थ सांगितला, शांत बसून ज्ञान मिळवणारा. त्यांनी मान डोलावली. प्रयोगशाळा सहायिकेला, जिच्या पोटात कसलीच गोष्ट टिकत नाही, तिला दिलं, "पोटात राहीना पाण्याचा घोट." अर्थ सांगितला, प्रकृती ठणठणीत राहो. ती म्हणाली, "अक्का, किती छान भाषा आहे तुमची."

शेवटी प्राचार्यांनी बोलावलं. मी दारातून आत जाईपर्यंत दुसरं काहीतरी सांगायचं ठरवलं होतं. पण ते म्हणाले, "असं काहीतरी द्या जे माझ्या पदाला शोभेल." आणि माझ्या तोंडून निघालं ते निघालं.

"फुगली पुरी, आत वारा."

"अर्थ?"

"पौर्णिमेच्या चंद्राचं तेज, सर."

त्यांनी डोळे मिटून ते शब्द दोनदा म्हणून पाहिले. तमिळ जिभेवर 'फ'चा 'प' झाला. पुगली पुरी. पट्टी हिरवीगार झाली. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, जी त्या खोलीत लिपिकांना मिळत नसे.

त्यानंतर रोज सकाळी साडेनऊला मी त्यांच्या खोलीवरून जाताना आतून धीरगंभीर आवाज ऐकू यायचा, "पुगली पुरी... आत वारा..." पूजेसारखा. पहिले काही दिवस मी पदर तोंडाला लावून पुढं जायचे. नंतर नुसतीच भरभर पुढं जायला लागले. चेन्नईच्या तज्ज्ञाचं पत्र आलं की सगळ्या शाखांत आमच्या कार्यालयाचे पासवर्ड सर्वांत मजबूत आहेत. प्राचार्यांनी ते फलकावर लावलं.

तीन आठवड्यांनी तपासणी समिती आली. तीन माणसं. अध्यक्ष उत्तरेकडचे, दाराशी हार घातला जाईपर्यंत गाडीतून न उतरणारे. दुसरे गृहस्थ दोन दिवसांत फक्त "पाणी" एवढं बोलले. तिसऱ्या साताऱ्याकडच्या एक निवृत्त प्राध्यापिका, सुती साडीतल्या, बारीक चणीच्या. त्या मराठी आहेत हे मला पाहुण्यांच्या यादीतून कळलं तेव्हा मी ती यादी दोनदा वाचली. पण म्हटलं, त्यांचा आणि सरांच्या संगणकाचा काय संबंध?

पहिल्याच दिवशी सभागृहात प्राचार्य पोर्टल दाखवायला उभे राहिले. सदऱ्याला छोटा माइक लावलेला. संगणकानं पासवर्ड मागितला. पडद्यावर नियमाप्रमाणे नुसते ठिपके उमटत होते, पण सरांचं तोंड सवयीप्रमाणे चालू होतं, आणि माइकही.

"पु... गली... पुरी..." सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून आवाज आला. "आत... वारा..."

प्राध्यापिकाबाईंचा चहाचा कप बशीवर येता येता थांबला.

"सर," त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हे काय म्हणालात?"

पासवर्ड फुटला याची प्राचार्यांना जराही खंत नव्हती. उलट चेहरा उजळला. "मराठी आहे मॅडम! इथल्या राजवाड्याची भाषा. याचा अर्थ, पौर्णिमेच्या चंद्राचं तेज."

बाईंनी सभागृहावर नजर फिरवली. सगळे पडद्याकडे पाहत होते. जमिनीकडे पाहणारी एकटी मीच होते. त्यांची नजर माझ्यावर क्षणभर थांबली.

"हो," त्या म्हणाल्या. "गोल असतं खरं. आणि चमकतंही."

मधल्या सुट्टीत त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "अहो, तुम्हीच ना?"

मी मान खाली घालून हो म्हटलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "म्हण कुणाची?"

"आईची."

"मला त्यांना भेटायचंय. आज संध्याकाळी. आणि तो पासवर्ड बदला बाई. आज मी होते. उद्या दुसरं कुणी असेल."

संध्याकाळी त्या घरी आल्या. आईनं पान लावून दिलं, कॉफी दिली आणि तासभर बोलत सुटली. बाईंनी वही काढली होती. आईच्या दर दुसऱ्या वाक्याला त्या म्हणायच्या, "काय म्हणालात? परत म्हणा ना." आई परत म्हणायची, थोडं मोठ्यानं, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात. आमच्याकडे अजून वापरात असलेला एखादा शब्द आला की बाई म्हणायच्या, हा तर मी फक्त जुन्या कागदांत वाचला होता. आईला त्याचं कौतुक वाटलं नाही. कागदात वाचून शब्द शिकायची पाळी यावी याचं वाईटच वाटलं.

त्या गेल्यावर आई मला म्हणाली, "बाई भली अहे. पण मराठी कच्ची. दर वाक्यात इंग्लिश. सरि, असू दे, घरात कोण बोलणारं नसेल."

मी ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी समिती निघाली की सरांना नवा पासवर्ड द्यायचा, चांगल्या अर्थाचा, आणि हे प्रकरण मिटवायचं. पण समारोपाचं भाषण मध्ये होतं.

प्राचार्यांनी अध्यक्षांना शाल घातली आणि माइकजवळ आले. "आपल्यासारख्या थोर पुरुषासाठी तमिळमध्ये शब्द पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "पण मी आमच्या तंजावूरच्या मराठीतला एक वापरणार आहे." आणि अध्यक्षांकडे दोन्ही हात करून, एकेक अक्षर तोलून, त्यांनी तो वापरला.

माइक सांभाळायला फक्त त्याच दिवशी बाहेरून बोलावलेला माणूस आमच्याच गल्लीतला, चाळिशीचा. मराठी बोलताना अडखळतो, पण समजतं सगळं. तो खोक्यावरच्या बटणांवर ओणवा होता, आणि त्याच्या हातात चाचणीचा दुसरा माइक चालू होता. त्याला हसू आवरलं नाही. सभागृहभर प्रचंड मोठा फिस्सकन आवाज झाला, मग खोकल्याचं नाटक, तेही ध्वनिवर्धकातून. अध्यक्षांना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी हात जोडून मान झुकवली, खिशातून डायरी काढली आणि प्राध्यापिकाबाईंपुढं धरली: हे सुंदर वाक्य लिहून द्या. बाईंनी शांतपणे लिहून दिलं. निघताना मी त्यांना विचारलं, काय लिहिलंत? त्या म्हणाल्या, "पौर्णिमेच्या चंद्राचं तेज. आता एक खोटं तुमचं, एक माझं."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता प्राचार्यांनी मला आत बोलावलं. खुर्ची दाखवली नाही. मला लगेच कळलं. त्यांनी हसण्याचं कारण माइकवाल्याला विचारलं होतं, आणि तो गरीब माणूस, त्यानं सांगितलं.

"पुरी," ते म्हणाले. "म्हणजे आपली पुरीच ना? बटाट्याच्या भाजीबरोबरची?"

"हो सर."

"आणि आत हवा."

"हो सर."

"तीन आठवडे मी रोज सकाळी हे म्हणून कामाला बसलो."

मला आठवत होतं ते वेगळंच. माझा नवरा गेला तेव्हा हा माणूस आमच्या गल्लीत आला होता, कडक सदऱ्यातच, आणि ओट्यावर तासभर बसून राहिला होता. एक शब्द बोलला नव्हता. जाताना रजेचा अर्ज स्वतः लिहून, मोठ्यानं वाचत वाचत, मंजूर करून माझ्या भावाच्या हातात दिला होता. हे मी आईला कधी सांगितलं होतं का? नाही. आईला मी फक्त हसण्यासारख्या गोष्टी सांगत आले होते. तिनं म्हण केली ती माझ्या सांगण्यावरून.

"माझं चुकलं, सर," मी म्हणाले. "फार चुकलं."

"आणि अध्यक्षांनाही मी तेच म्हणालो. सगळ्यांसमोर."

"हो सर."

ते खिडकीकडे वळले. पाठीवरचा सदरा हलायला लागला. मला वाटलं, संताप अनावर झालाय. मग कळलं की ते हसत होते.

"त्यांच्या बाबतीत ते बरोबर होतं," ते म्हणाले. डोळे पुसून परत वळले तेव्हा हसू गेलेलं होतं. "आणि माझ्या बाबतीत?"

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. टेबलावरचा कागद उचलला, ठेवला.

"तुमचा स्वतःचा पासवर्ड काय?"

नियम आठवला, पण नियम पाळण्याचा हक्क मी घालवला होता. मी मराठीत सांगितलं आणि तमिळमध्ये अर्थ दिला, या वेळी खरा. "मला कोण विचारतं."

"मी विचारतोय ना आत्ता," ते म्हणाले. मग समोरच्या खुर्चीकडे हात केला. "बसा. नवा कसा करायचा ते दाखवा. शब्द माझे मी घालीन, तुम्ही भिंतीकडे बघा."

मी भिंतीकडे बघत बसले. मागून बराच वेळ कळफलकाचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच तोंडाचा आला नाही.

बाहेर येऊन मी बाकीच्यांनाही खरं सांगून टाकलं. ग्रंथपालांनी बुरशीचा अर्थ ऐकून घेतला, विचार केला आणि म्हणाले, "असू दे. आता पाठ झालाय." प्रयोगशाळा सहायिका मात्र रुसली. दोन दिवस बोलली नाही. माझ्याशी, म्हणजे. बाकी सगळ्या महाविद्यालयाला तिनं जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे पासवर्ड, त्यांचे अर्थ आणि कुणाला कुठला शोभतो ते सांगून टाकलं होतं.

समितीचा अहवाल यथावकाश आला. त्यात एक ओळ होती: सुरक्षेविषयी कर्मचाऱ्यांची जाण समाधानकारक. त्यामागोमाग चेन्नईचं नवं परिपत्रक आलं, की यापुढं पासवर्ड कुठल्याच भाषेत असू नये. तो संगणकच बनवून देईल. प्रत्येकाला वीस अक्षरांचा एक गुंता मिळाला. माणसाच्या तोंडात बसेना, डोक्यात तर नाहीच.

मग प्रत्येकानं तो कागदावर लिहिला. कागद कुठंही पडू नयेत म्हणून कार्यालयीन आदेशानं एक पोलादी कपाट राखून ठेवण्यात आलं, आणि सगळे कागद नावानिशी त्यात एका पाकिटात घालण्यात आले. आदेश मीच टाइप केला. किल्ली कुणाकडे असावी यावर बैठक झाली. एकाकडे ठेवली तर दुसऱ्यावर अविश्वास दिसेल, असं ग्रंथपालांचं म्हणणं पडलं. म्हणून ती कपाटाच्याच बाजूला, खिळ्याला, लाल सुतळीनं टांगली आहे.